'आख्यान लावणे' : कीर्तनातला अर्थ आणि व्यवहारातला अर्थ

प्रश्न : कोणी बोलणे लांबवू लागला की 'त्याने आख्यान लावले' असे आपण कुरकुरत म्हणतो. कीर्तनकार मात्र हाच प्रयोग कोणतीही नापसंती न सुचवता करतात. यातला मूळ अर्थ कोणता समजावा?

उत्तर : माझ्या मते कीर्तनातलाच. नारदीय कीर्तनाच्या पूर्वरंगात एखादे पद किंवा अभंग घेऊन त्यातल्या सिद्धान्ताचे निरूपण होते, मध्यंतरी नामगजर होऊन बुवांना हार घालतात, आणि उत्तररंगात तोच सिद्धान्त पटवून देणारी कथा येते. ही कथा म्हणजे आख्यान, आणि पूर्वरंगाला साजेशी कथा निवडून रंगवणे म्हणजे आख्यान लावणे. 'काल बुवांनी कोणते आख्यान लावले होते?' असे विचारणाऱ्याच्या मनात लांबीचा विचारही नसतो.

आख्यान लावण्याआधी ते बसवावे लागते, आणि शिकणाऱ्याची बरीच वर्षे त्यातच जातात. शिष्य आधी गुरूच्या मागे उभा राहून धृपद, म्हणजे पदाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरतो. साकी, दिंडी, आर्या, कटाव या पद्यप्रकारांच्या चाली कानावर पडून पाठ होतात, आणि महिपतींच्या 'भक्तिविजया'तल्या (1762) ओव्या कोठे घ्याव्यात, मोरोपंतांची आर्या कोठे टाकावी, हे तो ऐकूनच शिकतो. पद्य पाठ असावेच लागते. गद्य मात्र समोरचे श्रोते पाहून तिथल्या तिथे रचायचे असते, त्यामुळे एकच कथा अर्ध्या तासात आवरता येणे आणि रंग भरला तर दोन तास फुलवता येणे, दोन्ही अंगी बाणवावे लागते. व्यवहारातल्या अर्थाने यातले फुलवणेच तेवढे उचलले असावे, आवरणे सोडून दिले!

पुरवणी : वरील उत्तर नारदीय कीर्तनापुरते बरोबर आहे. वारकरी कीर्तनात पूर्वरंग-उत्तररंग अशी विभागणी नसते. 'सेवेसाठी घेतलेल्या' एकाच अभंगाचे निरूपण अखेरपर्यंत चालते आणि कथा आली तरी दृष्टान्तापुरती येते. शिक्षणाची घडीही वेगळी आहे : विष्णुबुवा जोग यांनी 1917 मध्ये आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत चार वर्षे संतवाङ्मयाचा अभ्यास आणि पाठांतर होते. म्हणून वारकरी कीर्तनकाराविषयी 'आख्यान लावले' असे लिहिणे ढिसाळपणाचे वाटते. तिथे 'अमुक अभंग घेतला' असेच म्हणावे.