हो-नाहीच्या नोंदी आणि 'मिश्र मॉडेल लावा, निवांत झोपा'

ओझरकर: काल इथे कुणी लिहिलं, "त्याच द्राक्षवेलीची डाऊनी (पानांवरची बुरशी) दर आठवड्याला आहे-नाही अशी नोंदवलीय ना? मिश्र मॉडेल लावा आणि निवांत झोपा." माझी झोप उडाली. मिश्र मॉडेल म्हणजे दर वेलीचा स्वतःचा कल वेगळा धरणारं मॉडेल. ते लावणारं आर सॉफ्टवेअरमधलं फंक्शन, जीएलएमईआर, न विचारता लाप्लास या झटपट अंदाजावर चालतं. वेलीमागे नोंदी थोड्या आणि वेलीवेलींत फरक मोठा असला की ते उत्तर भरकटतं. पायाच्या नखांच्या बुरशीचा तो प्रसिद्ध डेटा घ्या, २९४ रुग्ण, फार तर ७ भेटी: पीक्यूएल या आणखी ढोबळ अंदाजाचं उत्तर एक, अनेक बिंदूंवर नीट बेरीज करणाऱ्या क्वाड्रेचरचं भलतंच. पीक्यूएल हो-नाहीच्या नोंदींत हा फरक कमी मोजतं, हे ब्रेस्लो-क्लेटन या संख्याशास्त्रज्ञांनी १९९३ च्या पेपरातच कबूल केलंय. वाचतो कोण!

दिंडोरीवाला: "कुणी" म्हणजे मी. नाव घ्यायला काय झालं? एका वेलीच्या ८ नोंदी ८ वेली म्हणून साध्या लॉजिस्टिकमध्ये (हो-नाहीचं नेहमीचं मॉडेल) खपवणाऱ्यांना मी ते सांगत होतो. लाप्लास नको तर क्वाड्रेचरचे बिंदू २५ करा. नाचता येईना...

ओझरकर: वेल आणि प्लॉट दोन्ही रँडम (दर वेलीला, दर प्लॉटला वेगळा कल) घाला, मग करून दाखवा २५. जीएलएमईआर तिथे १ बिंदूच्या पुढे जाऊच देत नाही. अंगण खरंच वाकडं आहे साहेब.

गंगापूर_रोड: एवढा खटाटोप कशाला? जीईई आहे की १९८६ पासून, एकाच वेलीच्या नोंदी जोडलेल्या धरणारी दुसरी पद्धत.

दिंडोरीवाला: प्लॉट किती तुमच्याकडे, सहा? सहा प्लॉटांवरच्या सँडविच एररवर (जीईई उत्तराची अनिश्चितता मोजतं ती) मी तरी विश्वास ठेवणार नाही. शिवाय जीईई अख्ख्या बागेची सरासरी सांगतं, मिश्र मॉडेल एकेका वेलीचं. वेलीवेलींतल्या फरकाचा सिग्मा (प्रमाण विचलन) ४ असला तर दोन्हींच्या सहगुणकांत (परिणामाच्या आकड्यांत) साधारण अडीचपट फरक पडतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

पिंपळगाव_बसवंत: सगळे हुशार. पान उलटून कुणी बघितलं ते आधी सांगा. आमच्या प्लॉटवर नोंदींना एक पोरगा यायचा. फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर परतीचा पाऊस, चिखल. हा बांधावरूनच बघणार. वरून दिसतो तो तेलकट डाग, पांढरी बुरशी पानाच्या पाठीला. एकदा मी दिलेला चहा पिता पिता तीन ओळींना "नाही, नाही, नाही" लावून मोकळा झाला.

ओझरकर: सगळी पोरं तशी नसतात. माझा भाचा हेच काम गुडघाभर चिखलात करतो. जरा जपून बोला ताई.

पिंपळगाव_बसवंत: भाच्याला मी काही म्हटलं? बरं, त्यालाच विचारा. फवारणी झाली, डाग वाळून तपकिरी झाला, पान तसंच वेलीवर. पुढच्या आठवड्यात "हो" की "नाही"?

गंगापूर_रोड: आम्ही "हो" धरायचो.

पिंपळगाव_बसवंत: म्हणजे एकच डाग चार आठवडे "हो". आणि तुमचं मॉडेल म्हणणार, ही वेलच मुळात नाजूक!

दिंडोरीवाला: ...हे मात्र खरंय. रँडम इंटरसेप्टला (दर वेलीच्या त्या वेगळ्या कलाला) जुना डाग आणि नाजूक वेल यांतला फरक कळत नाही. मागच्या आठवड्याची नोंद मॉडेलात घालायला हवी होती.

ओझरकर: घाला. पहिल्या आठवड्याच्या मागे काय घालणार?

दिंडोरीवाला: एक तरी गोष्ट सुखाने करू द्या हो. आणि प्लॉट काढून, नुसत्या वेलीवर बिंदू २५ करून बघितले. आकडा सरकला. किती, ते विचारू नका.