शिक्षक घडवतो की नुसता धडा संपवतो?

पाटीपेन्सिल
परवा सरळरेषा यांनी लिहिलं होतं: "मूल घरात घडतं. शिक्षक फक्त माहिती पुरवतो आणि ती आता फोनवर फुकट मिळते. शिक्षकांचे गोडवे गाणं थांबवा." उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. एकतीस वर्षं गणित शिकवलंय. तेव्हा मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकतो.

एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असं लिहिलं. फोन सांगेल, चूक, उत्तर ५/६. माझं काम तिथून पुढे सुरू होतं. त्याने वरचे आकडे वरच्यात मिळवले, खालचे खालच्यात. कारण त्याच्या लेखी अपूर्णांक ही एक संख्याच नाही, एकावर एक बसवलेल्या दोन संख्या आहेत. त्याला विचारायचं, "अर्ध्यात आणखी काही मिळवलं तर अर्ध्याहून जास्त व्हायला हवं ना? मग २/५ अर्ध्याहून मोठे की लहान?" तो गप्प होतो. त्या गप्प होण्याच्या वेळात आपण बोलायचं नाही, पुढच्या बाकावरच्या हुशाराला उत्तर ओरडू द्यायचं नाही. ही माहिती नव्हे. हे शिकवणं आहे, आणि मला ते जमायला आठ-नऊ वर्षं लागली.

आणि घराचं म्हणाल तर थोर जर्मन गणितज्ञ गाउस घ्या. जन्म १७७७, वडील कष्टकरी, आई निरक्षर. शाळेतल्या ब्यूटनर मास्तरांनी पोराची झेप ओळखून त्याच्यासाठी वरच्या दर्जाचं अंकगणिताचं पुस्तक मागवलं. त्यांचा तरुण मदतनीस बार्टेल्स त्याच्यासोबत बसून गणित करायचा. हाच बार्टेल्स पुढे रशियात कझानला प्राध्यापक झाला आणि तिथे लोबाचेव्हस्की त्याचा विद्यार्थी होता, ज्याने १८२९ मध्ये युक्लिडच्या चौकटीबाहेरची भूमिती मांडली. एका माणसाच्या हाताखालून दोघे गेले. हे कोणाच्या घरात घडलं?

सरळरेषा
सर, अपूर्णांकाचं उदाहरण चांगलं आहे. पण गाउस सांगू नका. ब्यूटनरच्या त्याच वर्गात बाकीची पोरं होती, त्यांचं काय झालं? ते कोणी लिहून ठेवत नाही. एक हिरा सापडला की सोनाराचं कौतुक.

मी म्हणतो ते हवेतलं नाही. १९६६ चा कोलमन अहवाल बघा. अमेरिकेत सुमारे ६ लाख विद्यार्थ्यांची पाहणी केली होती. मुलांच्या गुणांतला फरक शाळेच्या इमारती, पुस्तकं, खर्च यांपेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जुळला.

आता माझं सांगतो. दहा वर्षं शाळेत गेलो. एकाही शिक्षकाला माझं नाव माहीत नव्हतं. आई दिवसभर राबून यायची आणि झोप अनावर होत असताना माझ्याकडून मोठ्याने वाचून घ्यायची. तिचं स्वतःचं शिक्षण चौथी. मी अडखळलो की म्हणायची, परत वाच. मला घडवलं ते तिने. त्याचं श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर गेलेलं मी खपवून घेणार नाही.

निळी शाई
कोलमन अर्धाच सांगितलात. शाळेच्या बाजूने जे काही मोजलं, त्यात शिक्षकांच्या गुणवत्तेचा, विशेषतः त्यांच्या भाषेवरच्या पकडीचा संबंध इमारती-प्रयोगशाळांपेक्षा जास्त दिसला, हेही त्याच अहवालात आहे. आणि २०१४ मध्ये चेट्टी, फ्रीडमन आणि रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या सुमारे २५ लाख मुलांच्या नोंदी पुढे अनेक वर्षं तपासल्या. चांगला शिक्षक लाभलेली मुलं कॉलेजात जाण्याचं आणि मोठेपणी जास्त कमावण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. एकेका मुलामागे परिणाम लहान, पण वर्गातल्या सगळ्यांचा मिळून मोठा.

डावखुरी
घडवतात ना. माझा हात घडवला!

पहिलीत होते. डाव्या हाताने लिहायचे म्हणून बाईंनी माझी वेणीची रिबीन सोडवून त्याच रिबिनीने डावा हात बाकाला बांधला. सगळा वर्ग हसत होता. उजव्या हाताने पाटीवर जे उमटलं ते मला स्वतःलाही वाचता येईना. बावीस वर्षांची होईपर्यंत उजव्या हाताने लिहिलं, सगळ्यांच्या शेवटी पेपर दिला. मग एक दिवस पेन डाव्या हातात घेतलं आणि रडले. "शिक्षकांचे ऋण" वगैरे वाचलं की मला आजही मनगट आठवतं.

रात्रपाळी
डावखुरीताई, अगदी असंच माझ्या भावाचं. हात बदलायला लावला आणि तो तोतरा बोलायला लागला. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्जसुद्धा मूळचे डावरे, त्यांनाही उजव्या हाताने लिहायला लावलं आणि ते अडखळत बोलायचे. याच्यावर कोणी बोलत नाही.

निळी शाई
दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण एकीमुळे दुसरी झाली असं सिद्ध झालेलं नाही.

रात्रपाळी
भाऊ माझा आहे. मी डोळ्यांनी पाहिलंय. सिद्ध काय करायचं त्यात?

आडवाट
थोडं समजून घ्या मंडळी. त्या काळी सगळेच असं करायचे. टाकाने लिहिताना डाव्या हाताला निब ढकलावी लागते, कागद फाटतो, ओल्या शाईवरून हात जातो. बाईंना वाटलं असेल, पोरीचं भलं होईल. वाईट हेतू नव्हता.

डावखुरी
पाटीवर कुठली निब आणि कुठली शाई? आणि हेतू चांगला असेल तर कागद कलता ठेवायला शिकवा. दहातला एक माणूस डावरा असतो, म्हणजे साठांच्या वर्गात सहाएक. दरवर्षी तेवढी मुलं समोर येतात आणि त्यांना पेन कसं धरायचं हे तुम्हाला सांगता येत नाही? शिरोरेघ मी उजवीकडून डावीकडे ओढते, तशी ती सरळ येते. हे मला कोणीही शिकवलं नाही, माझं मी शोधलं, तेही तेविसाव्या वर्षी. "समजून घ्या" हे त्या सहा वर्षांच्या मुलीला सांगून बघा.

आडवाट
चिडू नका. मी फक्त काळ सांगितला. बांधून ठेवणं चूकच, ते मी कुठे नाकारतोय?

सरळरेषा
धागा हातावर गेला, पण माझाच मुद्दा पक्का होतोय. असल्या शिक्षकांपेक्षा घर बरं.

डावखुरी
घर? घरी सांगितलं तर आजी म्हणाली, बाई सांगतात तसंच कर. त्यानंतर जेवतानाही डाव्या हातावर चापट बसायला लागली. बाईंनी बांधला तास-दोन तास, घराने वर्षानुवर्षं. बाईंचा शब्द घरातल्या शब्दाच्या वर होता. तुमच्या आईने शाळेचं ऐकलं नाही, हे तुमचं भाग्य. सगळ्यांच्या आया तशा नसतात.

सरळरेषा
...ठीक. एवढं मानतो. बिघडवण्याची ताकद शिक्षकात आहे, आणि ती घरापर्यंत पोचते. पण त्यावरून घडवण्याची ताकद आहे असं सिद्ध होत नाही.

निळी शाई
का नाही? १९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग आहे. शिक्षकांना सांगितलं की ही मुलं लवकरच चमकणार. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडली होती. पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्धिचाचणीतले गुण इतरांपेक्षा जास्त वाढले. प्रयोगावर बरीच टीका झाली आणि वरच्या वर्गांत तसं काही दिसलं नाही, हेही सांगतो, नाहीतर तुम्ही सांगाल.

सरळरेषा
सांगणारच होतो.

पाटीपेन्सिल
डावखुरीताई, बाईंची बाजू मी घेणार नाही. शिक्षक म्हणून लाज वाटली वाचून.

सरळरेषा, तुमच्या आईला माझा नमस्कार. "परत वाच" म्हणणारी बाई शिक्षिकाच होती, पदवी नसेल. पण "फोनवर मिळतं" हे मी मान्य करणार नाही, कारण या वाक्याचा आधार घेऊन उद्या शिक्षकच नेमले जाणार नाहीत. २०३० पर्यंत जगाला प्राथमिक-माध्यमिक मिळून आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षक लागतील असा युनेस्कोचा अंदाज आहे. ते नसले तर तोटा ज्यांच्या घरी तुमच्यासारखी आई नाही त्यांचा. तुमचं नाव कोणाला माहीत नव्हतं, कारण वर्गात साठ-सत्तर पोरं असणार.

सरळरेषा
ऐंशी होतो. पण हजेरी रोज व्हायची, सर. नंबराने.

पाटीपेन्सिल
मीही बरीच वर्षं नंबरानेच घेतली.

आडवाट
डावखुरीताई, राग सोडा आणि एक सांगा. नात डावरी आहे, आता लिहायला लागली आहे. कागद नेमका कसा ठेवायचा?

डावखुरी
तिच्या शरीराच्या मध्यापासून जरा डावीकडे, आणि वरचा काठ उजवीकडे झुकेल असा. पेन टोकापासून थोडं वर धरू दे, म्हणजे लिहिलेलं अक्षर हाताखाली झाकत नाही. शिरोरेघ कुठून ओढायची ते तिचं तिला ठरवू द्या. आणि शाळेत कोणी हात बदलायला सांगितलं तर त्याच दिवशी जाऊन भेटा.