ट्रेलर जोडून दक्षिणेकडे: तुमचे हिवाळ्याचे अनुभव लिहा

कुंदा_ओंटारिओ
आज सकाळी समोरचे आजोबा गाडीला ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं घर, जोडत होते आणि आजी मागे उभ्या राहून ओरडत होत्या, लेफ्टचा दिवा लागला, ब्रेकचा लागला, राइटचा नाही लागत!! मी चहा घेऊन खिडकीत, आणि एकदम आमचे ते दिवस आठवले. यांचे गुडघे आता लांबच्या ड्रायव्हिंगला साथ देत नाहीत म्हणून ट्रेलर विकला, पण रिटायर झाल्यावर बरीच वर्षं दिवाळी उरकली की कॅनडातली थंडी चुकवायला आम्ही निघायचो. विंडसरवरून बॉर्डर ओलांडून डेट्रॉइट आणि मग आय-७५ हायवे धरून थेट फ्लोरिडा. मुलं म्हणायची विमानानं जा ना, कशाला हा उपद्व्याप.
पाइप गोठू नयेत म्हणून आधीच सगळं पाणी काढून गुलाबी अँटीफ्रीझ भरलेलं असायचं, म्हणजे ओहायो, केंटकी नळाला पाणीच नाही, सगळा कारभार कॅनवर. केंटकी संपताना जेलिकोचा डोंगर, पुढे ट्रकांची रांग, मागे आपलं घर लटकतंय आणि हे दरवेळी म्हणणार, "यापेक्षा आपला खंडाळा बरा." जॉर्जियात पोचलं की पाइप धुवायचे आणि मग ट्रेलरमधली पहिली अंघोळ. गरम पाण्याची टाकी ६ गॅलनची, म्हणजे २३ लिटरच्या आसपास. इथले लोक कुरकुरतात एवढ्याशा पाण्यात काय होतं, आम्ही दोघं बादलीवर वाढलेलो, दोघांचं उरकून भांडी पण व्हायची.
कोण कोण असं फिरलंय? लिहा ना.

टेक्सासची_सून
फोडणी!!! कुणीच कसं नाही लिहिलं. मोहरी तडतडली की स्मोक अलार्म बोंबललाच. सासूबाई आलेल्या तेव्हा त्या टॉवेल घेऊन त्याला वारा घालायच्या आणि मी खाली कढई हलवायची, अशी आमची टीम.
सासू-सासरे दोन हिवाळे आमच्याबरोबर होते खाली रिओ ग्रांद व्हॅलीत. तिथे उत्तरेकडून येणाऱ्या म्हाताऱ्यांना विंटर टेक्सन म्हणतात. सगळे पूल ओलांडून चालत मेक्सिकोत न्युएव्हो प्रोग्रेसोला जातात, दात करायला आणि औषधं आणायला. सासरे दाढ बसवून आले आणि येताना व्हॅनिला, टोपी आणि एक लाकडी बेडूक. दातांपेक्षा बेडकाचं कौतुक जास्त.

घाटी_इन_मिशिगन
अलार्म +१. आम्ही हिंग-मोहरी बाहेर पिकनिक टेबलावर, पोर्टेबल शेगडी. शेजारचे वास घेत यायचे, मग बसायचेच.

उलटा_पांथस्थ
आमचं सगळं उलटं, मेलबर्न. जूनमध्ये इथे हाडं गोठतात तेव्हा कॅरव्हॅन (तुमचा ट्रेलर तोच) काढायची आणि *उत्तरेकडे* पळायचं. अशा रिटायर्ड लोकांना इथे ग्रे नोमॅड म्हणतात, मे ते ऑक्टोबर उत्तरेत कोरडा सीझन, ब्रूम डार्विन सगळीकडे पांढरी डोकी. रस्त्यावर रोड ट्रेन म्हणून ट्रक असतात, ५३ मीटरपर्यंत लांब, ती एकदा शेजारून गेली की आपली कॅरव्हॅन आधी तिच्याकडे ओढली जाते मग बाहेर फेकली जाते. बायको तेवढा वेळ रामरक्षा. रेडिओवर ट्रकवाले चॅनल ४० वर, कॅरव्हॅनवाले १८ वर, १८ वर दिवसभर रेसिपी आणि गुडघेदुखी चालते, हुबेहूब या धाग्यासारखं 😄

कुंदा_ओंटारिओ
@उलटा_पांथस्थ हसून हसून पुरेवाट. रामरक्षा आमच्याकडे बॅक करताना लागायची.

नानाभाऊ
बॅक करताना लग्नं मोडतात असं इथे म्हणतात ते उगाच नाही. सोपी युक्ती सांगतो, हात स्टिअरिंगच्या खालच्या टोकाला धरा, मग ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात न्या. बस. आणि मागे उभ्या असलेल्या माणसानं आरशात दिसेल असंच उभं राहायचं. आमची ही नेमकी झाडामागे उभी राहून "या या या" म्हणायची, आवाज येतोय, माणूस नाही.
दुसरं, पूर्वेकडून आय-९५ नं जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, बाल्टिमोरच्या बोगद्यांतून ट्रेलरचे प्रोपेनचे मोठे सिलिंडर न्यायला बंदी आहे. आधी 'की ब्रिज' नावाच्या पुलावरून जायचो, तो मार्च २०२४ मध्ये जहाज धडकून पडला, आता पश्चिमेकडून ६९५ हायवेनं वळसा. फोनमधला नकाशा हे सांगत नाही, बोगद्याच्या तोंडाशी आणून सोडतो.

सुमन_काकू
आमचे हे गेल्यावर ट्रेलर भाच्याला दिला. चालवायची हिंमत होती पण सांडपाण्याची टाकी रिकामी करायचं काम कायम त्यांचं, हातमोजे घालून शिट्टी वाजवत करायचे. अजून कुठे तो निळ्या केमिकलचा वास आला की मला हसूच येतं.

टेक्सासची_सून
काकू 🙏 शिट्टी वाजवत हे भारीच. आमच्याकडे त्या वेळी घरात कडक मौन असतं.

वाळवंटी
ॲरिझोनात क्वार्ट्झसाइटला कुणी गेलंय का? वाळवंटातली सरकारी जमीन, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल राहायचं परमिट, आम्ही घेतलं तेव्हा १८० डॉलर होतं पूर्ण सीझनचं. वीज नाही, जागेवर नळ नाही, सोलर लावा आणि बसा. जानेवारीत तर नजर जाईल तिथे ट्रेलर, पंढरपूरच म्हणा. सकाळी ट्रेलरच्या सावलीत खुर्च्या, दुपारी दुसऱ्या बाजूला, दिवसभराचं काम एवढंच. तिथल्या स्मशानात एक दगडी पिरॅमिड आहे, वर उंट. १८५६ ला अमेरिकन सैन्यानं उंट आणले होते, ते सांभाळायला आलेला हाजी अली तिथे पुरलाय, लोकांनी नावाचं हाय जॉली करून टाकलं. आमच्या मुंबईकर बंधूंनी लगेच विचारलं, ज्यूस सेंटर कुठाय.

घाटी_इन_मिशिगन
😂😂 ज्यूस सेंटर

पक्षीवेडा
हिवाळ्यात दक्षिणेकडे पळणाऱ्या आपल्यासारख्यांना स्नोबर्ड म्हणतात, पण खरे स्नोबर्ड बघायचे तर टेक्सासमधलं अरान्सास अभयारण्य. हूपिंग क्रेन, म्हणजे क्रौंच पक्षी, कॅनडातल्या वुड बफेलोहून ४००० किमी उडून तिथे हिवाळ्याला येतात. १९४१ च्या हिवाळ्यात या थव्यात जेमतेम पंधरा-सोळा उरले होते, आता शेकड्यांत आहेत. रॉकपोर्टहून बोट निघते. एक जोडपं आणि मध्ये तांबूस पिल्लू, चिखलात निळे खेकडे शोधत होते, बाप खेकड्याचे पाय तोडून तोडून पिल्लापुढे टाकत होता. आमची अर्धांगिनी म्हणाली बघा, शिका काही.

मिसिसागाकर
हौस छान आहे पण कुणी दिवस मोजतं का? अमेरिकेत दिवसाचा तुकडा पण पूर्ण दिवस धरतात, जायचा आणि यायचा दोन्ही. मागच्या दोन वर्षांचे दिवस पण काही प्रमाणात हिशोबात धरतात, त्यामुळे दरवर्षी चार महिन्यांच्या वर राहिलात तर तिकडचा टॅक्स मागे लागू नये म्हणून ८८४० फॉर्म भरावा लागतो. ओंटारिओचा हेल्थ प्लॅन १२ महिन्यांत २१२ दिवस बाहेर राहू देतो, ते वेगळं गणित. आणि एप्रिल २०२५ पासून ३० दिवसांच्या वर राहायचं तर तिकडे नावनोंदणीची भानगड. आमच्या ग्रुपमधले अर्धे म्हणतात, यंदा नकोच, आपल्या कॅनडातच व्हँकुव्हर आयलंडला जाऊ, पावसात भिजू पण हिशोब नको.

नानाभाऊ
व्हँकुव्हर आयलंडला ट्रेलरमध्ये दमट होतं फार, गाद्यांच्या खाली बुरशी. डीह्युमिडिफायर न्या.

नवी_नवरी_२०२३
मध्येच विचारते, कढीपत्त्याची कुंडी ट्रेलरमधून बॉर्डरपार नेता येते का? आई-बाबा यंदा पहिल्यांदाच निघालेत, आई कुंडीशिवाय हलायला तयार नाही

टेक्सासची_सून
अजिबात नको. कढीपत्त्यावर लिंबू-संत्र्याच्या झाडांची कीड येते, त्यावरून भयंकर कडक आहेत. कुंडी शेजाऱ्यांकडे ठेवा.

नवी_नवरी_२०२३
शेजारी पाणी जास्त घालतात 😭

सुमन_काकू
कुठे राहतेस गं? ब्रॅम्प्टनजवळ असशील तर माझ्याकडे आणून ठेव. आणि आईला विचार, फांदी देईल का एक.