नदीच्या कामात पाच-सहा खाती, प्रत्येकाचा डेटा वेगळा. आयटी आर्किटेक्चर ठरवायला सुरुवात कुठून करायची?

बावडेकर_के
नमस्कार मंडळी. पंचगंगेचं प्रदूषण आणि पूर दोन्हीवर मिळून काम करायचं म्हणून इथं कोल्हापुरात एक संयुक्त गट होऊ घातलाय. महापालिका, जिल्हा परिषद, पाटबंधारे, प्रदूषण नियंत्रण मंडळ, भूजलवाले आणि एक कॉलेज. आयटीचा आराखडा करायचं माझ्याकडे आलंय. बैठकीत बहुतेकांचं म्हणणं असं की एक मोठं पोर्टल करू, एक सर्व्हर घेऊ, सगळ्यांनी त्यात डेटा भरायचा, टेंडर काढून मोकळं व्हायचं. मला ते पटत नाही पण त्याऐवजी काय ते नीट मांडता येईना.

आत्ता असं आहे की राजाराम बंधाऱ्याची पातळी फुटात येते (३९ इशारा, ४३ धोका, हे इथं पोरासोरांनाही पाठ आहे), केंद्रीय जल आयोगाची पातळी समुद्रसपाटीपासून मीटरमध्ये, विसर्ग क्युसेकमध्ये, धरणसाठा कुठं टीएमसी (अब्ज घनफूट) तर कुठं दलघमी (दशलक्ष घनमीटर). पाण्याच्या नमुन्यांचे रिपोर्ट स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये. कारखान्यांच्या ऑनलाइन मीटरचं रीडिंग थेट मंडळाच्या सर्व्हरला जातं, ते बाकीच्यांना दिसत नाही. आणि पूर आला की सगळा कारभार व्हॉट्सॲपवर. कुणी असं काम केलं असेल तर सांगा प्लीज.

मेरीलँडकर
मी अमेरिकेतल्या चेसापीक बे या खाडीच्या पाण्याच्या डेटावर काम करते म्हणून लिहिते. इथं १९८३ साली मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, वॉशिंग्टन डीसी आणि केंद्राची पर्यावरण संस्था ईपीए यांनी पहिला करार केला, आता खाडीत पाणी येणारी सहाही राज्यं त्यात आहेत, पाणलोट साधारण ६४,००० चौरस मैलांचं. एवढ्या सगळ्यांचा डेटा एकत्र येतो पण कुणीही आपली सिस्टीम बंद करून दुसऱ्याच्या पोर्टलात भरायला बसत नाही. ज्याचा डेटा त्याच्याकडेच राहतो, फक्त बाहेर देताना फॉरमॅट एकच, कोड एकच. शेतात, गावात प्रदूषण रोखायला काय काय केलं त्याची नोंद राज्यं ठरलेल्या एक्सएमएल साच्यात (संगणकाला थेट वाचता येईल अशा) पाठवतात. तुम्ही बैठकीत हेच मांडा, की मध्ये गोदाम नको, देवाणघेवाणीचे नियम हवेत.

आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. इथं एकाच ठिकाणचं पाणी एकाच वेळी भरून त्याचे भाग करतात आणि वेगवेगळ्या लॅबना पाठवतात, मग आकडे शेजारी शेजारी ठेवून बघतात. लॅब-लॅबमध्ये फरक किती येतो हे कळल्याशिवाय एका नकाशावर सगळ्यांचे ठिपके टाकण्यात अर्थ नाही. २०१० नंतर इथं प्रत्येक राज्याला नायट्रोजन-फॉस्फरसची मर्यादा ठरवून दिली, तेव्हापासून तर प्रत्येक आकड्यावर कुणाचा तरी खर्च अवलंबून आहे, त्यामुळे तो कुठून आला हे दाखवता आलंच पाहिजे.

नकाशेवाला
वरच्या ताईंशी सहमत. सॉफ्टवेअरचं नाव काढायच्या आधी ठिकाणांची एक यादी करा. प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीपर्यंत जिथं जिथं कुणीही पाणी मोजतं किंवा नमुना घेतं तिथला अक्षांश-रेखांश, खात्याचं स्वतःचं नाव आणि तुमचा एक सामाईक कोड. नाहीतर एकच घाट तीन खात्यांत तीन नावांनी येणार आणि नकाशावर तीन ठिकाणं दिसणार. गावांना एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा क्रमांक) लावा, स्पेलिंगवर जोडायला जाऊ नका.

फूट-मीटरचं म्हणाल तर नुसतं ०.३०४८ ने गुणून भागत नाही, बंधाऱ्यावरच्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे तो आरएल पाटबंधारेकडून लेखी घ्या, तो मिळाला की मग दोन्ही पातळ्या एका आलेखात बसतील. मूळ आकडा मूळ एककात तसाच ठेवा, बदललेला शेजारच्या रकान्यात.

पाण्याच्या रिपोर्टचं तर फार जपून. बीओडी (पाण्यातली घाण कुजताना जीवाणूंना लागणारा ऑक्सिजन) आपल्याकडे ३ दिवस २७ अंशावर करतात, काही लॅब अजून ५ दिवस २० अंशावर करतात, तेव्हा पद्धतीचा रकाना पाहिजेच. बरेच रिपोर्ट आकड्याच्या जागी ‘बीडीएल’ लिहितात, म्हणजे यंत्राला मोजता येईल त्याच्याही खाली. तिथं कुणीतरी शून्य टाकतं आणि सरासरी खोटी होते. डीओला (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) तर वेळ लिहिलीच पाहिजे, शेवाळ असलेल्या पाण्यात पहाटेचा डीओ आणि दुपारचा डीओ यात खूप फरक पडतो. दुपारचा नमुना बघून नदी बरी आहे म्हणाल आणि मासे पहाटे मरतील.

निवृत्त_अभियंता
दोघांचंही बरोबर, पण मी खात्यात आयुष्य काढलंय म्हणून सांगतो, वर्षभर नुसते कोड आणि नियम ठरवत बसलात तर साहेब बदलतील आणि गट मोडेल. पावसाळ्याआधी लोकांना दिसेल असं एक साधं पान उभं करा, पातळी, विसर्ग, पाऊस, बास. त्यासाठी नवीन सेन्सर घेऊ नका. कृष्णा-भीमा खोऱ्यासाठी जलसंपदाची रिअल टाइम यंत्रणा आहे, तिथून डेटा मागा. प्रदूषणाचा भाग सावकाश जोडा, तिथं खाती जास्त हात आखडतात कारण त्या आकड्यावरून नोटिसा निघतात.

आणि टेंडरमध्ये चालवण्याचा खर्च वेगळा धरा. उभं करायला पैसे मिळतात हो, तीन वर्षांनी देखभालीचा करार संपला की डोमेनचं नूतनीकरण कुणी करायचं हे कुणालाच माहीत नसतं. एका जिल्ह्यात अशीच एक वेबसाइट ऐन पुरात बंद पडलेली पाहिलीय, ठेकेदाराकडे पासवर्ड आणि ठेकेदार फोन उचलेना. लॉगिन, सोर्स कोड, बॅकअप सगळं गटाच्या नावावर हवं.

बावडेकर_के
खूप आभार सगळ्यांचे, ठिकाणांच्या यादीला उद्यापासूनच लागतो. एकच अडकतंय, गटाला कायदेशीर अस्तित्व नाही, मग नावावर म्हणजे कुणाच्या? आणि एखादं खातं डेटा द्यायला तयारच नसेल तर?

निवृत्त_अभियंता
जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नावावर घ्या, आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तिथंच आहे. खात्यांशी सामंजस्य करार करा, दोन पानांचा पुरे, पण त्यात कुठला डेटा, किती वेळाने, कुणी पाठवायचा (नाव नको, पद लिहा, माणसं बदलतात), चूक सापडली तर दुरुस्त कुणी करायची आणि लोकांना काय दाखवायचं काय नाही हे स्पष्ट पाहिजे. जे खातं तयार नाही त्याला सोडून सुरू करा, रकाना रिकामा ठेवा आणि वर खात्याचं नाव लिहा. बैठकीत पडद्यावर तो रिकामा रकाना दिसला की पुढच्या महिन्यात फाइल येते, हे मी पाहिलंय.

मेरीलँडकर
हो, आणि करारात ‘कच्चा’ आणि ‘तपासलेला’ डेटा असे दोन भाग ठेवा. पुराची पातळी कच्चीच लगेच दाखवायला हवी, नमुन्यांचे निकाल मात्र तपासून झाल्यावरच.