वचने पाठ आहेत, तरी काट्यापाशी मन डळमळते

प्रश्न: अंबडचा स्टोअरकीपर

सर्वांना ख्रिस्ताच्या नावाने सलाम. मी अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये काम करतो आणि भंगाराची गाडी वजन करून बाहेर सोडण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. आधी रिकामी गाडी काट्यावर घ्यायची, मग भरलेली, आणि दोन्ही वजनांतील फरकाचे पैसे भंगारवाल्याने कंपनीत भरायचे, असा हा व्यवहार. रिकाम्या गाडीच्या वेळी क्लीनर व दोन हमाल केबिनमध्ये बसून राहतात आणि फाळक्याआड पाण्याने भरलेले पिंप असते. मी तिकडे काणाडोळा केला की साडेतीनशे-चारशे किलो माल कागदावर न येताच बाहेर पडतो. मुलीची शाळेची फी थकलेली असताना, गेल्या महिन्यात मी तसे केले आणि २,००० रुपयांचे पाकीट खिशात घातले.

लहानपणी संडे स्कूलमध्ये सुवर्णवचनांची बक्षिसे मी सोडली नाहीत. त्या दिवशीही स्तोत्र ११९:११ मनात घोळत होते, ‘मी तुझे वचन मनात जपून ठेवले आहे’, आणि हात मात्र काटापावतीवर सही करत होता. प्रभू येशूने अरण्यात वचनानेच सैतानाला परतवले, मग माझ्या वेळी वचन कामी का आले नाही? माझा विश्वासच कच्चा आहे, की वचन धरण्याची माझी रीत चुकते आहे?

उत्तर: शरणपूर रोडची निवृत्त शिक्षिका

बाळ, वयाने मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते. मी स्वतः कित्येक वर्षे मुलांकडून सुवर्णवचने पाठ करून घेतली आहेत आणि त्यात आमची एक चूक झाली, ती अशी की वचनाच्या मागेपुढे काय आहे हे आम्ही क्वचितच सांगितले. वचन मंत्रासारखे पुटपुटले की मोह पळतो, अशी समजूत त्यातून मुलांच्या मनात राहून गेली.

मत्तयाचा चौथा अध्याय जुन्या करारातील ‘अनुवाद’ हे मोशेचे पुस्तक शेजारी उघडून वाच. सैतानाच्या तीन मोहांना प्रभूने दिलेली तिन्ही उत्तरे अनुवादातूनच, आणि तीही जवळजवळच्या पानांवरून आली आहेत: ८:३, ६:१६ आणि ६:१३. चाळीस वर्षे अरण्यात भटकलेल्या इस्राएलाला मोशे तेथे आठवण करून देतो की देवाने तुम्हाला भुकेले राहू दिले आणि मग मान्ना हे आकाशातून दिलेले अन्न खाऊ घातले, यासाठी की मनुष्य केवळ भाकरीने जगत नाही हे तुम्हाला कळावे. चाळीस दिवसांच्या उपासानंतर प्रभूने भाकरीविषयीचे एखादे सोयीचे वाक्य शोधून काढले नाही. आपण त्याच अरण्यात, त्याच प्रश्नापुढे उभे आहोत हे त्याने ओळखले. पाठांतर तर सैतानाचेही होते. त्याने स्तोत्र ९१ मधील ११ व १२ ही वचने म्हणून दाखवली, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत’ हे शब्द गाळले आणि सर्पाला तुडवण्याची गोष्ट ज्यात येते त्या तेराव्या वचनाच्या अलीकडेच तो थांबला.

आता तुझे पाहा. तू जे वचन घोळवत होतास ते काट्याविषयी काहीच बोलत नाही. अनुवाद २५:१३-१५ मात्र थेट तुझ्या गेटवर येऊन उभे राहते: थैलीत लहान आणि मोठे अशी दोन वजने ठेवू नकोस. आणि वजनाच्याही खाली तुझा खरा प्रश्न फीचा आहे. फी कोण भरणार, देव की पाकीट, असे मोह तुला विचारत होता, आणि त्याला उत्तर ८:३ मध्ये आहे.

उत्तर: नाशिकरोडचा वाचक

बाईंचे म्हणणे मला मान्य आहे, पण एक मतभेद नोंदवतो. प्रत्येक मोहाशी उभे राहून वाद घालावा असे शास्त्र सांगत नाही. मोह घालणाऱ्या आपल्या धन्याच्या, पोटीफराच्या, बायकोला योसेफाने आधी उत्तर दिले होते हे खरे, पण शेवटी तो वस्त्र तिच्या हाती सोडून पळाला (उत्पत्ती ३९:१२). ग्रीकमधील ‘पैरास्मोस’ या एकाच शब्दात परीक्षा आणि मोह हे दोन्ही अर्थ सामावतात. म्हणूनच प्रभूच्या प्रार्थनेत आपण ‘परीक्षेत आणू नको’ म्हणतो आणि याकोब १:१४ वाचताना मोहाविषयी बोलतो. १ करिंथ १०:१३ मध्ये परीक्षेबरोबर निभावण्याचा उपायही दिला जाईल असे म्हटले आहे, आणि तो उपाय पुष्कळदा अगदी साधा असतो. रिकाम्या गाडीतून सर्वांनी उतरावे, फाळका उघडावा आणि पावतीवर सुरक्षारक्षकाचीही सही असावी, असा नियम भाऊंनी गाडी येण्याआधीच करून घ्यावा. गाडी काट्यावर चढल्यावर वचन आठवत बसणे म्हणजे पूर आल्यावर गोदाघाटावरची दुकाने आवरण्यासारखे आहे.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. बुधवारी गाडी आली तेव्हा मी रक्षकाला सोबत घेतले. हमाल हसत उतरले, क्लीनर मात्र उतरेना, आणि पिंप कलंडले तेव्हा पाणी थेट काट्याच्या पत्र्यापर्यंत वाहत आले. त्याच गाडीचे रिकामे वजन गेल्या महिन्याच्या पावतीपेक्षा ३७० किलोंनी कमी भरले. ‘साहेब, आमचं काही चुकलं का?’ असे भंगारवाल्याने विचारले तेव्हा माझ्या तोंडून एकही वचन निघाले नाही. मी फक्त आकडा लिहिला.

पाकीट अजून बायबलच्या कव्हरात तसेच आहे. ते भंगारवाल्यालाच परत करावे का?

उत्तर: शरणपूर रोडची निवृत्त शिक्षिका

त्याला नको. लेवीय ६:५ प्रमाणे ज्याचे घेतले त्या मालकाला पूर्ण भरपाई द्यायची आणि वर पाचवा हिस्सा घालायचा. तुझ्या बाबतीत मालक कंपनी आहे. शिवाय तुझा हिशेब २,००० रुपयांचा नाही, ३७० किलोंचा आहे. जकातदार जक्कयाने लुबाडलेल्याच्या चौपट देण्याचे सर्वांदेखत बोलून दाखवले (लूक १९:८), तुला निदान वरिष्ठांपुढे बोलावे लागेल. नोकरी राहील की जाईल, हे मी सांगू शकत नाही आणि राहीलच असे खोटे आश्वासनही देणार नाही. घरात आधी बायकोला सांग, पाळकांना सोबत यायला विनव, आणि जाताना गेल्या महिन्याची ती काटापावती बरोबर ने.