आठचा आकडा घोटला म्हणजे गाडी आली का?

घाटवाट:
कच्चा परवाना मिळाल्यावर पक्क्या परवान्याच्या परीक्षेसाठी ३० दिवस थांबावेच लागते. त्यातले शेवटचे चार दिवस परीक्षेत करून दाखवायचे तेवढेच घोटावे: आठचा आकडा आणि एच, म्हणजे त्या आकारांत गाडी फिरवणे, आणि चढ, म्हणजे चढावर थांबून गाडी पुन्हा उचलणे. आधी पास व्हावे, रस्त्याची सवय नंतर आपोआप होते.

सदाफुली:
हा सल्ला वाचून राहवले नाही. मी नेमके असेच घोटून पहिल्या फेरीत पास झाले आणि तीन आठवड्यांनी दिवे घाटात एका एसटीमागे थांबले, तेव्हा गाडी मागे घरंगळू लागली. मागच्या टेम्पोवाल्याने वेळीच ब्रेक मारला म्हणून निभावले. हँडब्रेक ओढून, क्लच हळूहळू सोडत, गाडी जोर धरते आहे हे जाणवल्यावरच हँडब्रेक सोडायचा, हे मला तोंडपाठ होते. पण पायाला ते कधी कळलेच नव्हते, कारण क्लासच्या गाडीत शिक्षक त्यांच्या बाजूचा क्लच स्वतःच दाबत असत.

एल_पाटी:
मी अठरा वर्षे गाडी शिकवतो. क्लासच्या गाडीत दुहेरी कंट्रोल असणे हा नियम आहे, ती आमची लबाडी नव्हे. तो पाय नसता तर निम्मे विद्यार्थी दुभाजकावर चढले असते. लोक आठवडाभर दांडी मारतात, परीक्षेच्या आदल्या दिवशी येतात आणि मग शिक्षकाला दोष देतात.

सदाफुली:
मी एकही दिवस बुडवला नव्हता, त्यामुळे हा आरोप मला लावू नका. नियम तुम्हीच काढलात म्हणून विचारते. खासगी गाडीच्या अभ्यासक्रमाला किमान २१ दिवस आणि प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास सांगितले आहेत, म्हणजे रोज साधारण अर्धा तास. आम्हा तिघांना एका गाडीत बसवून प्रत्येकाच्या हाती जेमतेम पंधरा मिनिटे स्टिअरिंग येई. उरलेल्या वेळात मी मागच्या सीटवरून दुसऱ्याच्या चुका पाहत होते. पैसे मात्र पूर्ण घेतले गेले.

मुठाकाठी:
माझ्या वडिलांना साठीत गाडी शिकायची होती. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी आवाज चढवला आणि त्यांनी पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. क्लचवर कोणाचा पाय होता यापेक्षा शिकवणाऱ्याची जीभ मला अधिक महत्त्वाची वाटते.

एल_पाटी:
जिभेचे मान्य. तिघांना एकत्र बसवून वेळ वाटणेही चूक आहे आणि हे आमच्या धंद्यात होते, हे नाकारत नाही. पण मी स्वतः आठव्या दिवसानंतर पाय काढून घेतो आणि विद्यार्थ्याला तसे सांगतो. सगळ्यांना एका मापाने मोजू नका.

घाटवाट:
चढाचा सराव खऱ्या चढावरच करावा, एवढे मी मागे घेतो. बाकीचे मत कायम आहे. नापास झाल्यास किमान ७ दिवस थांबावे लागते, तीनदा नापास झाल्यास ६० दिवस. शिवाय प्रत्येक फेरीला कामावरची रजा जाते. ज्याचे पोट रोजंदारीवर आहे, त्याला आधी पास होणेच भाग आहे.

सदाफुली:
त्याची अडचण मला समजते. पण तोही उद्या भरलेली गाडी घेऊन चढावर थांबणारच आहे. म्हणून क्लास लावणाऱ्या प्रत्येकाने दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांना स्पष्ट विचारावे की आज तुमचा पाय कुठे आहे, आणि तो काढायला लावून निदान दहा वेळा चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलावी.