सिनेमातली पोरं निरागस अन् स्पर्धेतली बिघडलेली?

महालचा_प्रेक्षक
काल बर्डी_कट्टा भाऊंनी लिहिलं: “सिनेमावाले पोरांना रडवतात ते चालते, अन् लहान मुलींची ब्युटी काँटेस्ट म्हटली की साऱ्यांच्या पोटात दुखते. ‘लिटल मिस सनशाइन’ पाहून नाकं मुरडणाऱ्यांनी आधी तान्हा पोळ्याची (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, नागपूरकडचा पोरांचा सण) वेशभूषा बंद करावी. आम्ही यंदा रॅम्प लावून राहिलो, प्रिन्स-प्रिन्सेस निवडू.” उत्तर दोन ओळींत भागलं असतं तर बरं होतं.

भाऊ, तो सिनेमा (2006) शेवटपर्यंत पाहिला का? त्यातली ऑलिव्ह सात वर्षांची, चष्मा, थोडं पोट सुटलेलं. पहिल्याच दृश्यात ती मिस अमेरिकेची कॅसेट मागेपुढे करून जिंकल्यावरचा चेहरा घोकत असते. म्हणजे स्पर्धेचं वेड तिच्यातच मुरलेलं आहे, ‘बिचारी निरागस पोर’ असं दिग्दर्शकांनी दाखवलेलंच नाही. हॉटेलात आइस्क्रीम मागवते तर बाप चरबीचा हिशेब सांगतो. तिला स्पर्धेत जागा मिळते तीही आधीच्या विजेतीला डाएटच्या गोळ्यांच्या भानगडीत मुकुट सोडावा लागतो म्हणून. शेवटी आजोबांनी बसवलेला भडक नाच ती करते आणि आयोजक खवळतात. खरी टोचणी तिथं आहे. बाकीच्या मुली पूर्ण मेकअपमध्ये मोठ्या बायांच्याच अदा करतात, ते चालतं, कारण ते गोड वेष्टनात आहे. सिनेमाला मुलीशी भांडायचंच नाही, भांडण परीक्षकांशी आहे.

आणि तान्हा पोळ्याला बक्षीस नंदीला, म्हणजे पोरं ओढतात त्या लाकडी बैलाला असते, पोरीच्या चेहऱ्याला नाही.

बर्डी_कट्टा
नंदीला? कोणत्या जमान्यात राहून राहिले भाऊ? ‘उत्कृष्ट नंदी’ वेगळं अन् ‘उत्कृष्ट वेशभूषा’ वेगळं, दोन्ही बक्षिसं जुनीच आहेत. चार वर्षांच्या पोरीला नऊवारी, नथ, लाल ओठ, अंबाडा करून उभं करता ते संस्कृती, अन् गाऊन घातला की विकृती? सिनेमात पोराच्या डोळ्यांतून पाणी काढायला काय काय करतात ते लिहा ना एकदा.

पडद्यामागे
लिहितो. वाईट पद्धत म्हणजे डोळ्यांखाली मेंथॉलची कांडी किंवा ग्लिसरीन, नाहीतर सेटवर खरंच ओरडणं. मेंथॉलनं डोळा चुरचुरतो, मूल चोळतं, लाली पसरते, पुढच्या शॉटला चेहरा जुळत नाही. शहाणा दिग्दर्शक दृश्य तोडतो. ओरडणारा बाप वेगळा घेतात, मूल त्या वेळी खोलीतही नसतं. त्याची प्रतिक्रिया नंतर, एखादा साधा प्रश्न विचारून. पाठीमागून दिसायचं असेल तर दुसरं मूल उभं करतात. कॅमेरा साडेतीन फुटांवर, सात वर्षांच्या पोराच्या नजरेला. वरून घेतला की कोणतंही मूल केविलवाणं दिसतं आणि प्रेक्षक त्यालाच निरागसपणा समजतो.

मराठी सिनेमानं हे कधीच ओलांडलंय. ‘फँड्री’तला जब्या शेवटचा दगड थेट कॅमेऱ्याकडे भिरकावतो. ‘एलिझाबेथ एकादशी’तली पोरं सायकल वाचवायला पंढरपूरच्या वारीत दुकान थाटतात. कुठे आहे तुमचा गोडगोड निरागसपणा?

कलम_दाखवा
आणि सिनेमाला निदान नियम आहेत. बालमजुरी कायद्यात 2016 ची दुरुस्ती आणि 2017 चे नियम: दिवसाला 5 तास, सलग 3 तासांहून जास्त नाही, लागोपाठ 27 दिवसांवर नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस, कमाईचा किमान 20 टक्के भाग मुलाच्या नावानं राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेव. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी फक्त सिनेमाला लागते असं नाही, मुलं घेऊन केलेल्या व्यावसायिक कार्यक्रमालाही लागते. भाऊ, तुमच्या रॅम्पला प्रायोजक आहेत, प्रवेश फी आहे. अर्ज केला का?

फ्रान्सनं 2014 मध्ये 13 वर्षांखालच्यांच्या रूपावरच्या स्पर्धा बंदच केल्या. 13 ते 16 ला आधी परवानगी. आपल्याकडे माहिती-प्रसारण मंत्रालयानं 2019 च्या जूनमध्ये वाहिन्यांना सांगितलं की डान्स शोमध्ये पोरांकडून मोठ्यांचे अश्लील वाटतील असे हावभाव करवून घेऊ नका. ती फक्त सूचना आहे, तरी.

बर्डी_कट्टा
तीनशे रुपये फीला जिल्हाधिकारी! त्याच दिवशी मारबतीची मिरवणूक असते, ते बंदोबस्त पाहतील का तुमचे अर्ज? उद्या पोराला बोजारा (नंदी घेऊन फिरल्यावर मिळणारे पैसे) मिळाला त्याच्याही 20 टक्क्यांची एफडी करायला लावाल.

रंगपट_ताई
कायदा राहू द्या, चेहऱ्याचं बोला. रूपाला गुण आहेत म्हटलं की आया थर चढवतात, वेशभूषेतही तेच. लहान मुलांची कातडी पातळ, आणि वजनाच्या मानानं तिचा पसारा जास्त, म्हणून लावलेलं आत जास्त जातं. पाण्यात विरघळणारा रंग ओल्या स्पंजनं एकच थर. तेलकट रंग श्रावण अमावास्येच्या दुसऱ्या दिवशीच्या दमट हवेत तासाभरात वाहतो आणि डोळ्यांत जातो. आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा ठिपका लावा, 24 तास पाहा. शंकर करायला पोस्टर कलरचा निळा फासू नका, वाळला की तडकतो आणि खाज सुटते. ग्रीटिंग कार्डाची चमकी डोळ्याजवळ अजिबात नको, तिच्या कडा बुबुळाला ओरखडा काढतात. खोट्या पापण्यांचा गोंद ओढून काढायचा नसतो, तेलानं सोडवायचा. केसांवर स्प्रे मारताना तोंडासमोर कागद धरा.

यातलं किती जण पाळतात हे त्या दिवशी कोणत्याही मैदानावर दिसतं.

दाढदुखी
अमेरिकेतल्या भडक स्पर्धांमध्ये तर दुधाचे दात पडलेल्या जागी ‘फ्लिपर’ घालतात. जबड्याचा ठसा घेऊन अॅक्रिलिकची पट्टी, त्यावर खोटे दात. सहा-सात वर्षांच्या मुलीला फट असणारच! पट्टी सैल झाली तर बोलताना निसटते, घट्ट असली तर हिरडी सुजते. बाळदात पडणं हा परीक्षकाच्या लेखी दोष, यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा? सिनेमात तीच फट लेखक संवादात वापरतो.

इतवारी_सागवान
सगळे मेकअपवर तुटून पडले, नंदीचं कोणी बोलतच नाही. तान्हा पोळा बिघडला तो मोठ्या नंदीमुळे. नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या काळापासूनचा सण, हेतू हा की पोरानं स्वतःचा बैल स्वतः ओढावा. आता पाच-पाच फुटी नंदी. बाप ओढतो, काका ढकलतो, पोरगं बाजूनं शिट्टी वाजवत चालतं. चाकाचा आस वजनानं वाकतो, चाक आतल्या बाजूला घासतं, चढावर नंदी उलटतो. पोराच्या गुडघ्याएवढा बैल, चारही चाकं सारखी, आसाला थोडं तेल, दोरी त्याच्या कमरेच्या उंचीला. झूल, बाशिंग, घुंगरमाळ तेवढं पुरे. एलईडी लावून बॅटरी पोटात कोंबता, ती पावसात भिजली की काय होतं?

पडद्यामागे
विषय सिनेमाचा होता ना?

इतवारी_सागवान
सिनेमा तीन तासांत संपतो, नंदी घरी वर्षभर राहतो.

बर्डी_कट्टा
पाच फुटी नंदीचं पटलं, बोला. जागा अडते आणि बक्षीस दर वर्षी त्याच त्या घरी जाते. बाकी ज्ञान राहू द्या. लोकांना रॅम्प पाहिजे, मोबाइल घेऊन सारे पुढेच उभे राहतात.

महालचा_प्रेक्षक
मोबाइल घेऊन उभे राहतात म्हणूनच म्हणतो. ते फोटो रात्रीतून कुठवर जातात, कोणाला ठाऊक असते? गुणपत्रिका बदला. नंदीची सजावट 40, त्यात पोरानं स्वतः काय केलं ते विचारून. आपल्या बैलाबद्दल चार वाक्यं 30. वेश कशाचा आहे आणि घरातल्या वस्तूंतून केला का, 30. ‘रूप’, ‘हास्य’, ‘चाल’ हे रकाने काढा, रॅम्पची गरजच राहात नाही.

रंगपट_ताई
विकतचा पोशाख असेल तर 10 गुण कापा. आणि भाड्याचे मुकुट नकोत, आतली तार कपाळाला रुतते.

बर्डी_कट्टा
घ्या. रॅम्प कॅन्सल, रकाने कॅन्सल. खूश? 24 मुकुट आणून ठेवले आहेत, दुकानदार परत घेत नाही. नंदीला घालतो आता.

इतवारी_सागवान
शिंगांत बसत असतील तर घाला, पण गुण देऊ नका. अन् बोजारा पोरांच्या हातात द्या, आईच्या पर्समध्ये नको.